क्यूबला हळद

ज्या दिवसांत मी फिरवून रंग जुळवायच्या क्यूबच्या स्पर्धांना जायचे, त्या दिवसांत मला भेटणाऱ्या प्रत्येक माणसाने लहानपणी क्यूबची एक बाजू केलेली असायची. एसटीचा कंडक्टर, कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर, मावशीची जाऊ, कोणीही. "मीपण एक बाजू करत होतो," असं म्हणून माणूस माझ्याकडे अशा काही नजरेने बघायचा, की उरलेल्या पाच बाजू त्याने केवळ वेळ नव्हता म्हणून सोडून दिल्या. सुरुवातीला मी हसून मान डोलवायचे. पुढे पुढे तोंडावर सांगायला लागले, की एक बाजू करणं म्हणजे एका पायात चप्पल घालून लग्नाला जाणं. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट, आणि क्यूबने त्यात भरच घातली.

आम्ही चांदूर बाजारचे. बाबांचं बाजाराच्या रस्त्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पाठीवर अडकवायचा तो पंप कुठे गळतो, त्याचं वॉशर कधी गेलं, हे बाबा नुसत्या आवाजावरून सांगायचे. मी अमरावतीला बी.एस्सी. करत होते आणि रोज एसटीने जाऊन-येऊन करायची. अमरावतीच्या डेपोजवळ एका चाचांचं घड्याळदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. मोबाइल आल्यापासून लोकांनी मनगटं मोकळी सोडली होती, म्हणून चाचांनी अर्ध्या काचेत घड्याळं आणि अर्ध्या काचेत खेळणी मांडली होती. पहिला क्यूब मी तिथून घेतला, बस चुकली म्हणून, वेळ घालवायला. वेळ इतका छान गेला, की पुढचीही बस चुकली.

तो सुटायला मला अकरा दिवस लागले. नेटकॅफेतून काढलेल्या कागदांवर कुठला थर कसा फिरवायचा ते बाण काढून दाखवलेलं असायचं, आणि ते कागद घेऊन मी एसटीत उभ्या उभ्या पाठांतर करायची. मग घड्याळ लावून सोडवायला लागले. आधी तीन मिनिटं, मग दीड, मग पंचेचाळीस सेकंद. तिथे गाडी अडली, कारण क्यूबच अडायचा. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, मधल्या रंगावरचं झाकण नखाने उचकटलं आणि आतला स्क्रू दाखवला.

"बेटा, हा जाम नाई झाला. याले कसून ठेवलं हाय. जरासा सैल कर, दम घेऊ दे त्याले," चाचा म्हणाले.

त्यांनी तो सैल केला, घड्याळाचं तेल एक थेंब सोडलं, आणि त्या आठवड्यात मी तीस सेकंदांवर आले. पुढे पुण्याहून एक चांगला क्यूब मागवला, खास स्पर्धेचा. तोही आधी चाचांच्या हाताखालून जायचा, मग माझ्या. नागपूरच्या पहिल्या स्पर्धेत मी चोविसावी आले. माझ्या पुढच्या तेवीस जणांपैकी निम्म्यांचे दुधाचे दात पडायचे होते. एक चिरंजीव तर सोडवून झाल्यावर आईच्या मांडीवर जाऊन बसले. त्या अपमानाने मी पेटले, आणि खरी कारकीर्द सुरू झाली ती तिथून.

घरी मात्र कारकीर्द वगैरे शब्द चालत नव्हता. बाबा क्यूबला ठोकळा म्हणायचे. त्यांचा त्याच्यावर एकच आक्षेप होता.

"पंपातून फवारा निघते," ते म्हणायचे. "शिलाई मशिनीतून कपडा निघते. याच्यातून काय निघते?"

"वेळ निघतो," मी म्हणायची.

"वेळ त आपल्यापाशी असाच पडला हाय बाई, ढिगानं."

ते खरं होतं. हसण्यासारखे दिवस नव्हते ते. दोन वर्षं पावसाने दगा दिला होता, दुबार पेरणीही हातची गेली होती, कापसाला भाव नव्हता. आमच्या भागातल्या बातम्या वाचायला नको वाटायच्या. दुकानात आठ-आठ दिवस पंप यायचा नाही. बाबा सकाळी शटर वर करायचे, पाने-पक्कड पुसून ठेवायचे, आणि दुपारी तीच पाने-पक्कड परत पुसायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी क्यूबकडे बघायची. आता लिहिताना याची लाज वाटते, पण तसं होतं.

एक दिवस त्यांनी निकाल लावला. पुढच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याला स्पर्धा होती. पहिल्या फेरीतून आठ जण फायनलला जाणार होते.

"अकोल्याले फायनलमधी आली त पुढं पुन्याच्या स्पर्धेचं पाहू," बाबा म्हणाले. "नाई आली, त ठोकळा माळ्यावर अन तू बी.एड.ले. शब्द म्हंजे शब्द."

मी म्हटलं, चालेल. तेव्हा माझी सरासरी पंचविसाच्या आत आली होती आणि आठात येणं अजिबात अवघड नव्हतं. माळ्यावर एकदा गेलेली वस्तू आमच्या घरात परत खाली आल्याचं मात्र मला आठवत नव्हतं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात मी आंघोळ सोडून सगळ्या वेळी क्यूब फिरवला. आई भाकरीच्या थापेबरोबर माझी कटकट मोजायची आणि म्हणायची, "अवं, देवापुढं तरी हात स्थिर ठेव."

त्याच सुमारास पाहणीपथकं यायला लागली. पीक उगवत नव्हतं, पण पाहणी करणारे भरपूर उगवले होते. कोणी गाडीतून यायचं, कोणी कॅमेरा घेऊन. असेच एक साहेब, लांबलचक छापील अर्ज घेऊन, आमच्या दुकानात येऊन बसले. मी सुट्टीमुळे दुकानातच होते.

"दुरुस्तीला पंप का येत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"फवाऱ्याले पीक लागते न साहेब."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पान उलटलं.

"मानसिक ताण जाणवतो का?"

"हाव, बम जाणवते," बाबा म्हणाले आणि माझ्या हाताकडे बोट केलं. "हे दिवसभर कटकट कटकट वाजते, त्याचा."

साहेबांनी क्यूब बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. अर्थातच लहानपणी त्यांनी एक बाजू केली होती. अर्ज बाजूला पडला. चहा आला, गार झाला, तरी साहेब मान वाकडी करून तांबड्या बाजूच्या मागे लागलेले. मी "हळू, हळू" म्हणेपर्यंत त्यांनी अडलेला थर दोन्ही हातांनी पिळला आणि क्यूब फुटला. तुकडे दुकानभर उधळले. साहेब ओशाळले, पुढचे प्रश्न न विचारताच "ताण: आहे" अशी खूण करून गाडीत जाऊन बसले. मी रागाने काही न बोलता घरात निघून गेले, कारण बोलले असते तर आमच्या तालुक्याची फाइलच बंद झाली असती.

बाबांनी एकट्याने बाकाखालून तुकडे गोळा केले. आणि तेव्हा, सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना ठोकळ्याचं पोट दिसलं. मधे सहा हातांचा सांगाडा, प्रत्येक हाताला स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर वॉशर, वॉशरवर स्क्रू. वॉशर! मला नंतर आईने सांगितलं, की ते तो सांगाडा तळहातावर घेऊन बराच वेळ उभे होते. दुसऱ्या दिवशी मला न सांगता त्यांनी सगळे तुकडे एका रुमालात बांधले आणि अमरावतीची बस पकडून चाचांचं दुकान गाठलं.

तिथे काय झालं ते मला चाचांकडून कळलं. दोघं दुपारभर काचेमागे बसले. चाचांनी एकेक तुकडा भिंगाखाली धरून दाखवला. बाबांनी स्प्रिंग दाबून बघितल्या आणि सहातली एक नरम आहे हे नुसत्या बोटाने ओळखलं, जे चाचांनाही भिंगातून कळलं नव्हतं. क्यूब जुळवून झाल्यावर चाचा म्हणाले, "भाऊ, याले खेळनं नका म्हनू. हे अवजार हाय."

बाबा परत आले, क्यूब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "डावीकडची स्प्रिंग बदलली. फिरवून पाय बरं आता." मी फिरवून बघितला. इतका सुरेख क्यूब माझ्या हातात कधीच आला नव्हता. आणि त्या दिवसापासून घरात ठोकळा हा शब्द बंद झाला. फायनलचा शब्द मात्र तसाच राहिला.

दसरा शनिवारी आला, स्पर्धा रविवारी. दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. दुकानातलं सगळं सामान धुऊन-पुसून पोत्यावर रांगेत मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. पूजा झाली की त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवशी पहाटे पूजा उचलायची. मी सकाळी शेवटच्या सरावासाठी क्यूब शोधला तर सापडेना. गादीखाली नाही, बॅगेत नाही. शेवटी दुकानात गेले.

पोत्यावर रांग मांडलेली होती. पाने, पक्कड, नोझलचा डबा, हवेचा पंप, आणि पक्कड नि नोझलच्या मधे माझा क्यूब. डोक्यावर झेंडूचं फूल.

"बस," बाबा म्हणाले. "तुह्या अवजाराले तूच कुंकू लाव. हळद मी लावली."

मला रडू आलं. खरं सांगते, मी दारात उभी राहून ढसाढसा रडले आणि बाबांनी नारळ फोडायचा सोडून मला पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं स्पर्धेची भीती वाटतेय.

रडण्याच्या भरात मला दोन गोष्टी उशिरा समजल्या. एक, बाबांनी पूजेआधी सगळी अवजारं धुतली होती, आणि आमच्या दुकानात अवजारं रॉकेलने धुतात. दोन, हळद त्यांनी कंजुषी न करता, ओली कालवून, वरच्या अख्ख्या बाजूला माखली होती. आणि वरची बाजू पांढरी होती.

क्यूबबद्दल ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. क्यूबला सहा रंग असतात. पांढऱ्याच्या बरोबर मागे पिवळा. आणि माझी पद्धत, म्हणजे मी पाठ केलेले सगळे कागद, पांढऱ्यापासून सुरू व्हायचे आणि पिवळ्यावर संपायचे.

दिवसभर मी त्या फुलाकडे बघत बसले. हात लावायची सोय नव्हती आणि बाबांचा आनंद बघून तोंड उघडायचीही. पहाटे पूजा उचलल्यावर मी न्हाणीघरात क्यूब साबणाने घासला, टूथपेस्टने घासला, राखेने घासला. कुंकू गेलं. हळद म्हणजे हळद, ती कशाला जाते! बसमध्ये उन्हात धरून बघितला तर पांढरा जरा फिकट पिवळा आणि पिवळा जरा गडद पिवळा, असा फरक दिसत होता. जमेल, मी स्वतःला म्हटलं. शेजारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. स्पर्धा बघायला ते पहिल्यांदाच येत होते.

अकोल्याच्या त्या हॉलला खिडक्या नव्हत्या. वर जुन्या ट्यूबलाइटच्या नळ्यांचा मळकट उजेड होता आणि त्यात माझ्या क्यूबला चक्क दोन पिवळ्या बाजू होत्या. शेजारच्या खुर्चीवर नागपूरची नऊ वर्षांची मुलगी सहा क्यूब ओळीने मांडून बसली होती. तिने नाक मुरडलं.

"ताई, तुमच्या क्यूबला रॉकेलचा वास येतो."

"नवीन तेल आहे," मी म्हटलं. "बाहेरून मागवलंय."

तिच्याकडे एक क्यूब मागावा हे मनात आलं नाही असं नाही. पण बाबा पहिल्या रांगेत बसले होते. दुसरा क्यूब उचलला असता तर त्यांनी विचारलं असतं, काहून? आणि मला सांगावं लागलं असतं, की तुम्ही ज्या दिवशी याला अवजार मानलंत त्याच दिवशी ते कामातून गेलं. ते माझ्याने होणार नव्हतं. मी आपलाच क्यूब घेऊन टेबलाशी गेले.

प्रत्येकाला पाच वेळा सोडवायचं होतं. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट वेळ सोडून मधल्या तीनची सरासरी. पहिल्या वेळी मी झपाट्याने शेवटापर्यंत आले आणि शेवटी दोनच तुकडे अदलाबदल झालेले उरले. क्यूबमध्ये तसं होतच नाही. जगातल्या कुठल्याच कागदावर त्याचा बाण नाही. म्हणजे सुरुवातीलाच मी पांढरा समजून पिवळा बसवला होता. हात वर केले. बाद.

दुसऱ्या वेळी मी प्रत्येक तुकडा नळीकडे धरून, तिरका करून, खरा पिवळा की हळदीचा पिवळा हे ओळखत गेले. बायका बाजारात डाळ निवडतात तसं. एक्केचाळीस सेकंद. एवढा वेळ मला दोन वर्षांत लागला नव्हता. मी मागे वळून बाबांकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सोडवणं सुरू असताना प्रेक्षकांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा असतो. बाबा उभे राहिले आणि थेट मुख्य पंचांपर्यंत चालत गेले. पंच बंगळूरचा एक शांत, चष्मेवाला तरुण होता. त्याला मराठी येत नव्हतं, म्हणून बाबांनी आमच्या बाजारातली हिंदी काढली.

"साहब, गलती हमारी है. लडकी की नहीं. इसको हमने हल्दी लगाया."

पंच घाबरला. "हल्दी? चोट लगी है क्या?"

"नहीं साहब, पूजा में बिठाया. कल दसरा था ना. औजार है वो."

मग बाबांनी क्यूब हातात घेऊन पंचाला पांढरी बाजू दाखवली, मग पिवळी, मग परत पांढरी. पंचाने चष्मा काढून बघितलं, हुंगलं, आणि एक पाऊल मागे सरकला. हॉलमधल्या पन्नास मुलांनी आपापले क्यूब फिरवायचे थांबवले होते. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि त्याच वेळी त्या इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली, की डोळ्यांपुढे सहाही रंग एक झाले.

पंचाने नियमांची वही उघडली. गेलेल्या दोन वेळा परत मिळणार नाहीत, क्यूब ज्याचा त्याने सांभाळायचा. पण पुढच्या तीनसाठी दुसरा वापरता येईल. बाबा माझ्याकडे आले.

"दुसरा घे."

"असू द्या. मी यानेच करते."

"काहून वं?" बाबा जरा चिडलेच. "वॉशर खराब झालं त बदलतेच का नाई आपन? का पूजा केली म्हनून गळका पंप पाठीवर घेऊन हिंडते?"

नागपूरच्या मुलीने सहापैकी एक क्यूब माझ्यापुढे सरकवला. "हा घ्या. याला वास नाही येत," ती म्हणाली.

तिसरी वेळ चोवीस सेकंद. चौथी तेवीस. पाचवी बावीस, तीही परक्या क्यूबवर. शेवटचा थर बसला तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या बाबांनी, आणि पंचाने त्यांना हाताने खाली बसायची खूण केली.

पण पहिली बाद वेळ सोडली तरी एक्केचाळीस सेकंद कुठे जाणार? ते मधल्या तीनमध्ये बसलेच. यादी भिंतीवर लागली. मी नववी होते. आठव्या नंबरचा माझ्याहून सेकंदभरानेसुद्धा पुढे नव्हता. बाबांनी यादीवर बोट ठेवून वरून खाली मोजलं, मग खालून वर मोजलं, आणि माझी बॅग उचलली.

अमरावतीच्या बसमध्ये आम्हाला जागा मिळाली. मूर्तिजापूर आलं. बाबा माझा हळदीचा क्यूब घेऊन बसले होते आणि शर्टाच्या टोकाने त्याची पांढरी बाजू पुसत होते. मी माळ्याचा विचार करत होते. शब्द म्हणजे शब्द, आणि बाबांनी आजवर एकही मोडला नव्हता. मला त्यांना तसं करायलाही लावायचं नव्हतं.

"बी.एड.चा फॉर्म कवा भरा लागते?" त्यांनी विचारलं.

"जूनमध्ये," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलवली. आणखी थोडं पुसलं.

"अन थे पुन्याची स्पर्धा कवा असते?"

"फेब्रुवारीत."

बाबांनी बोटांवर महिने मोजले. दोनदा मोजले, खात्री करून घेतली.

"मंग फेब्रुवारी आधी येते," ते म्हणाले आणि क्यूब माझ्या हातात दिला.